सुईदोरा : खांद्यावर वळ, मागे झोळ

जून उजाडला, शाळा भरल्या, आणि माझ्या टेबलावर आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच कपड्याबद्दल निघाली. लिओटार्ड, म्हणजे जिम्नॅस्टिक्सचा आणि नाचाचा, अंगाबरोबर बसणारा पोशाख. म्हणून या महिन्यात ब्लाउजच्या बाह्या आणि झबली थांबतील.

काकी, माझी मुलगी नऊ वर्षांची, शाळेत जिम्नॅस्टिक्स शिकते. तिच्या फ्रॉकच्या मापावरून मी घरी लिओटार्ड शिवला. दोन वर्षं जावा म्हणून छातीला आणि सीटला एकेक इंच सैल ठेवला. आता मागे झोळ येतो आणि खांद्यावर मात्र लाल वळ उठतात. सैल ठेवलेला कपडा काचतो कसा? — एक आई, साखळी

तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. २०१६ च्या सप्टेंबरात मी हीच चूक केली होती. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर रिओ ऑलिम्पिकला व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन टेबलावरून उडी घ्यायच्या प्रकारात, चौथी आली त्याला महिनाच झाला होता, आणि आमच्या फोंड्यातली एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. तोवर पंचवीस वर्षं मी ब्लाउज आणि भरतनाट्यमचे पोशाख शिवत होते. छाती, कंबर, सीट, खांदा, सगळं मोजलं, पण एक माप घ्यायचं राहिलं. कपडा घालून ती पोर कमान टाकायला मागे वाकली आणि अर्ध्यातच खांदा धरून उभी राहिली. डोळ्यांत पाणी. ते मी विसरलेले नाही.

फ्रॉक खांद्यावरून लोंबतो आणि खाली मोकळा असतो. तो दोन इंच आखूड झाला तर गुडघे दिसतील, इतकंच. लिओटार्ड खाली बंद असतो. खांद्यावरून निघालेलं कापड दोन पायांमधून जाऊन पुन्हा त्याच खांद्यावर येतं. म्हणजे ते एक कडं असतं. हे कडं आखूड पडलं तर सगळा ताण खांद्यावर येतो, मग छातीला कितीही जागा ठेवा. तुमचा कपडा आडवा सैल आहे आणि उभा आखूड आहे. म्हणून झोळही आहे आणि वळही आहेत.

तर माप असं घ्या. मान आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, पुढून खाली न्या, दोन पायांमधून काढा आणि पाठीवरून वर त्याच जागी आणा. मुलगी ताठ उभी हवी. टेप अंगाला टेकू द्या, ओढू नका. याला मी वेढा म्हणते. बाकीची सगळी मापं चुकली तरी निभावून नेता येतं, वेढा चुकला तर नाही.

समजा वेढा ४५ इंच आला, छाती २५ आणि सीट २७. ताणणाऱ्या कापडाचा पोशाख अंगापेक्षा लहान कापायचा असतो, आणि फ्रॉक शिवणाऱ्या हाताला हे पचायला वेळ लागतो. रुंदीत दहावा हिस्सा कमी करा : छाती साडेबावीस, सीट सव्वाचोवीस. वेढ्यात मात्र इतकं नको. वीस इंचांमागे एक इंच पुरे, म्हणजे ४५ चे ४३. ही तयार कपड्याची मापं झाली, शिलाईचं कापड वेगळं धरा.

हा हिशेब कापड चारही बाजूंनी ताणत असेल तरच खरा. एका दुकानात मला ‘फोर-वे’ सांगून दिलेलं कापड आडवं सुरेख ताणायचं आणि उभं जागचं हलायचं नाही. सहा मुलींचे पोशाख कापून झाल्यावर ते लक्षात आलं. तेव्हापासून मी पट्टी घेऊन दुकानात जाते. कापडाची घडी घालून चार इंच चिमटीत धरायचे. आडवे ते सहा इंचांपर्यंत सहज गेले पाहिजेत, उभे निदान साडेपाचपर्यंत. दहा आकडे मोजेपर्यंत ताणून धरायचं आणि सोडायचं. परत चारवर आलं तर घ्यायचं. सव्वाचारवर थांबलं तर तेच कापड महिन्याभरात मुलीच्या मागे लोंबणार. नायलॉन ८० आणि स्पॅन्डेक्स (म्हणजेच लायक्रा) २० टक्के असं कापड मिळालं तर उत्तम. आणि ज्या दिशेला जास्त ताण, ती दिशा अंगाभोवती ठेवायची.

आता शिवलेला लिओटार्ड टाकून देऊ नका. कमरेवर आडवा सरळ कापा आणि मध्ये दुसऱ्या रंगाची पट्टी घाला. पट्टीने कपड्याची लांबी एक इंच वाढली तर वेढा दोन इंचांनी वाढतो, कारण ती पुढेही येते आणि मागेही. तुमचा वेढा किती कमी पडतो त्याच्या निम्मी रुंदी धरा, आणि पट्टीच्या व कापलेल्या कडांच्या शिलाईत जाणारं कापड त्यात मिळवून पट्टी कापा. मग दोन्ही बाजूंच्या शिलाया आत घेऊन सैलपणा काढा. पायाचं इलॅस्टिक लावायच्या आधी कच्चे टाके घालून मुलीला घालायला द्या, आणि तिला नुसतं उभं करून बघू नका. कमान, स्प्लिट (दोन्ही पाय फाकून जमिनीला टेकणं), दोन्ही हात वर. हे सगळं तुमच्यासमोर करून घ्या.

इलॅस्टिकबद्दल एवढंच : पायाचा घेर २० इंच असेल तर इलॅस्टिक साडेसतरा कापा, पण ते सगळीकडे सारखं ताणू नका. पुढच्या भागात जसंच्या तसं बसवा आणि सगळा ताण मागच्या वळणावर द्या. पुढे ताणलंत तर जांघेत काचेल, मागे सोडलंत तर कड वर चढेल.

‘दोन वर्षं जावा’ ही तुमची इच्छा मला कळते, लायक्रा स्वस्त नाही. पण बीम (तोल सांभाळत चालायची उंच आडवी तुळई) फक्त दहा सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर उभी असलेली मुलगी एका हाताने मागची कड ओढत असेल तर तिचं अर्धं मन कपड्यात असतं, आणि पडते ती तिथेच. वाढीसाठी जागा ठेवायची तर ती त्या पट्टीत ठेवा. पट्टीचं कापड अर्धा मीटर जादा घ्या. पुढच्या वर्षी जुनी पट्टी उसवा, रुंद घाला. माझ्याकडच्या एका मुलीचा निळा लिओटार्ड असा तीन हंगाम चालला. पट्टी पिवळी होती, दर वर्षी थोडी रुंद होत गेली, आणि शेवटी तिला तीच नक्षी वाटायला लागली.

मी नाच शिकवते. चवथीनंतरच्या कार्यक्रमासाठी बारा मुलींचे पोशाख घरीच शिवते आहे. मशीन आईच्या वेळचं काळं, फक्त सरळ शिलाईचं. मध्येच टाके सुटतात, आणि मुलीने पाय फाकले की शिलाई टक्‌कन तुटते. नवं मशीन घ्यावंच लागेल का? — मडगाव

बाय, मशीन राहू द्या. आधी सुई बदला. साधी टोकदार सुई लायक्रात घुसते तेव्हा कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं. मग धाग्याचा फास नीट तयार होत नाही, खालचा हुक तो पकडू शकत नाही आणि टाका सुटतो. ताणणाऱ्या कापडाची, गोल टोकाची ११ नंबरची सुई लावा. ती धागे फोडत नाही, बाजूला सारते. बारा पोशाखांना दोन-तीन सुया लागतील, त्यात काटकसर नको.

धागा पॉलिएस्टरचा घ्या. सुती धाग्यात ताण सोसायची ताकद नसते. आणि सरळ शिलाई तुटते ती धागा कच्चा म्हणूनच असं नाही. कापड दीडपट लांब होतं आणि शिलाईत तेवढा धागाच नसतो. म्हणून टाका बारीक करा, इंचाला बारा-चौदा, आणि शिवताना एक हात पुढे, एक हात मागे ठेवून कापड हलकं ताणून धरा. हलकं म्हणजे कापड मशीननेच सरकवायचं, तुम्ही ओढायचं नाही. ओढलंत तर सुई वाकेल आणि शिलाईला लाटा येतील. शेजारी दोन सुतांवर दुसरी ओळ मारा. शिवलेली बाजू ताणून बघा, एक टाकाही बोलता कामा नये. शिलाईच्या सुरुवातीला कापड प्लेटच्या भोकात ओढलं जात असेल तर खाली पतंगाचा पातळ कागद ठेवा, नंतर तो फाडून काढा. वर्तमानपत्र ठेवू नका, शाई लागते.

बाजूच्या आणि आसनाच्या शिलाया मात्र बाजारात ओव्हरलॉक करून घ्या. बारा नगांचं काम एकदम नेलंत तर दर बसवून मिळतो. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात कुठल्याच टेलरला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा जुलैतच जा.

आणखी एक. तुम्ही पत्राबरोबर पाठवलेला मखमलीचा तुकडा पाहिला. बाराही जणींचं कापड एकाच दिशेने कापा. मखमलीचे केस एकीचे खाली आणि दुसरीचे वर गेले तर रंगमंचावरच्या दिव्यात एकीचा पोशाख मरून रंगाचा दिसेल आणि दुसरीचा गुलाबी. एकाच थानातलं कापड असूनही असं होतं.

काकी, मी चौदा वर्षांची आहे. मला जिम्नॅस्टिक्स खूप आवडतं, पण आता तो उंच कापाचा लिओटार्ड घालायला लाज वाटते. आई म्हणते, मग सोडून दे. पूर्ण पायाचा शिवला तर स्पर्धेत चालतो का? — पेडणे

चालतो. तू सोडू नकोस, आणि हे उत्तर आईला वाचायला दे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये बासेलच्या युरोपियन स्पर्धेत सारा फॉस ही जर्मन खेळाडू घोट्यापर्यंतच्या पोशाखात उतरली. त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिचा अख्खा संघ तसाच उतरला. त्यांनी नियम मोडला नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमात पूर्ण पायाचा एकसंध पोशाख आधीपासून बसत होता, फक्त मोठ्या स्पर्धेत सहसा कुणी घालत नव्हतं. त्याच नियमांत हेही आहे की कापड पारदर्शक नसावं आणि पायाचा काप कमरेच्या हाडाच्या वर जाऊ नये. म्हणजे आखूड पायाचा हवा असेल तेव्हाही काप उंच असलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडच्या शालेय स्पर्धेचं पत्रक मात्र सरांकडून मागून घे आणि शिवायच्या आधी वाच.

शिवताना लेगिंग आणि वरचा भाग वेगळे कापून कमरेला इलॅस्टिकने जोडू नकोस, गोलांटी घेताना ते टोचतं. वेढा आणि पायाची लांबी धरून सलग काप. आसनात चौकोनी कळी घाल, सलवारीत घालतात तशी. ती नसेल तर स्प्लिटमध्ये चार शिलाया एकाच बिंदूवर ओढल्या जातात आणि तिथेच उसवतं. त्या कळीला आतून मऊ होजिअरीचं दुहेरी अस्तर दे आणि खालचा भाग गडद रंगाचा घे. महिन्याच्या त्या दिवसांत तुला निर्धास्त उडी मारता येईल.

मुलगा अकरा वर्षांचा, जिम्नॅस्टिक्सला जातो. ‘मुलींचा कपडा घालतो’ म्हणून वाड्यावरची मुलं हसतात. त्याला टी-शर्टवर सराव करू द्यावा का? — काणकोण

टी-शर्ट नको. उलटा लटकला की तो तोंडावर येतो आणि मुलाला खालचं काही दिसत नाही, ते धोक्याचं आहे. आणि त्याला हे सांगा : लिओटार्ड हे नावच एका पुरुषाचं आहे. ज्यूल लिओटार्ड, फ्रान्समधला झुल्यावरचा कसरतपटू. १८५९ साली त्याने पॅरिसच्या सर्कशीत एका झुल्यावरून दुसऱ्यावर झेप घेण्याचा खेळ केला. हात-पाय मोकळे राहावेत म्हणून तो अंगाबरोबर बसणारा कपडा घालायचा, आणि लोकांनी त्या कपड्याला त्याचंच नाव दिलं. आमच्या मल्लखांबाच्या मुलांचा लंगोट आणि हा कपडा एकाच गरजेतून आले.

मुलांचा कपडा बिनबाह्यांचा असतो. फ्लोअर आणि व्हॉल्टला त्यावर शॉर्ट्स चालते. पॉमेल हॉर्स, रिंग्ज आणि दोन्ही प्रकारच्या बारला लांब पॅन्ट लागते. ती घरी शिवणार असाल तर तळव्याखालून जाणारी इलॅस्टिकची पट्टी विसरू नका, पाय वर गेला की पॅन्ट गुडघ्याकडे पळते.

पावसात लायक्राला बुरशी लागते आणि चमकीचं कापड सोलून निघतं. काय करावं? — वास्को

घामाचा कपडा पिशवीत रात्रभर ठेवू नका, बुरशीची सुरुवात तिथूनच होते. सरावाहून आल्याबरोबर उलटा करून गार पाण्यात, थोड्या साबणाने हातानेच धुवा. ब्लीच आणि कपडे मऊ करायचं औषध दोन्ही टाळा, स्पॅन्डेक्सचा ताण जातो. पिळू नका, कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली आडवा पसरा. ओला कपडा दोरीवर खांद्यांनी लटकवलात तर पाण्याच्या वजनाने वेढा लांबतो. चमकीचा कपडा घडी न घालता, मध्ये सुती कापड ठेवून गुंडाळा आणि त्यावर इस्त्री कधीच फिरवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला एकदा कपाटातून काढून तासभर वाऱ्यावर ठेवा, आणि हात लावून बघा : पायाच्या इलॅस्टिकची घडी सगळ्यात शेवटी वाळते.