आजपासून हॉलमध्ये तू झोप

मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी अडखळले आणि मग पुढे वाचवेना.

तू लिहितेस, 31 आठवडे पूर्ण झाले, आठवा लागलाय. सव्वादोन वर्षांचा लेक हल्ली तुला क्षणभर सोडत नाही. दिवसभर हट्ट, रात्री तुझ्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय झोप नाही, आणि झोपेत पोटावर लाथा. सासूबाई म्हणतात, त्याला आत्ताच आजोळी नेऊन ठेवा, म्हणजे तुझ्यावाचून राहायची सवय होईल. ठेवू की नको, एवढंच तुझं विचारणं. आणि मध्येच, कंसात, जाता जाता लिहिलंयस: 'हे हॉलमध्ये झोपतात, त्यांना सकाळी लवकरची लोकल असते.'

अगं, लोकल तुलाही असते ना? डोंबिवलीहून ठाण्याला तू रोज जातेस, तेही या पोटानिशी. पाचला उठून दोघांचे डबे भरतेस. मग घरात एकट्या त्याचीच झोप का जपायची? नवरा समजूतदार आहे, कधी आवाज चढवत नाही, असं तू तीनदा लिहिलंयस. असेल. पण दोन वर्षं पोराच्या रडण्याने ज्याची झोप एकदाही मोडली नाही, त्याला समजूतदार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि 'मीच त्यांना बाहेर झोपायला सांगितलं' हेही तूच लिहितेस. तुझ्यावर मी त्याहून जास्त चिडले आहे.

आजोळी मुळीच ठेवू नकोस. दोन वर्षांच्या मुलाला 'बाळ येणार' म्हणजे काय ते कळत नाही. आई दिसत नाही, एवढं मात्र नेमकं कळतं. दोन महिन्यांनी तो परत येईल तेव्हा त्याच्या जागेवर, तुझ्या कुशीत, दुसरंच कुणी असेल. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मी पाच दिवसांनी घरी आले, तर माझा थोरला जवळच येईना. दाराआडून नुसता बघत राहिला. ते पाच दिवस होते. सासूबाईंना सवयीचं सुचलं ते खरं आहे, फक्त ती सवय आजोळची नको, बापाची हवी.

बघ, कळा रात्री दोनलाही सुरू होतात. तू दवाखान्यात जाशील तेव्हा लेकाला कोण झोपवणार? नॉर्मल झालं तर दोन-तीन दिवस, सिझेरियन झालं तर चार-पाच. शिवाय सिझेरियननंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका म्हणतात, आणि तुझा लेक 12 किलोचा. त्या रात्री पहिल्यांदाच बापाच्या कुशीत गेला तर दोघंही रडतील. तुझ्या हातात नऊ आठवडे आहेत, कदाचित त्याहून कमी.

अजून एक ओळखून अस. तुला 26 आठवड्यांची रजा मिळेल आणि 'तू घरीच आहेस ना' म्हणून दोन्ही पोरांच्या रात्री तुझ्याच गळ्यात पडतील. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवसांची रजा असते, खासगी नोकरीत कायद्याने तेवढीही नाही. तुझा नवरा खासगीत, म्हणजे साठलेली रजा त्याला स्वतःच मागावी लागेल. ती आत्ताच मागू दे.

तेव्हा आज रात्रीपासून हॉलमधली गादी तुझी. आतली खोली बापलेकांची. सूसू, दूध, दात घासणं, गोष्ट, थोपटणं, सगळं तो करेल. लेकाला संध्याकाळीच सांग, 'आज बाबा झोपवणार,' आणि पोटभर लाड करून ठेव. पहिल्या रात्री तो आकांत करेल. दुसऱ्या रात्रीही. तू दार उघडायचं नाहीस, 'त्याला असं धरा' म्हणून आतून-बाहेरून शिकवायचंही नाहीस. तुझी मऊ गोधडी मात्र त्याच्याजवळ असू दे. कानाची पाळी बाबाचीही सापडेल, वेळ लागेल.

लाथांची धास्ती वाटते म्हणतेस. बाळाभोवती गर्भजल असतं, झोपेतल्या लाथेने त्याला सहसा काही होत नाही. पण पोटावर जोरात आदळला आणि पोट दुखू लागलं, रक्त किंवा पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. आणि 28 आठवड्यांनंतर उताणं नाही, कुशीवर झोपायचं असतं. लेक दंडावर असताना तू त्याला हवी तशी झोपतेस. हॉलमध्ये पोटाखाली उशी घे आणि नीट कुशीवर हो.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. ऑफिसात डुलकी लागते म्हणाला, तर लागू दे. तुलाही दोन वर्षं लागतेच आहे.

सकाळी लेक डोळे चोळत तुला शोधत हॉलमध्ये येईल. तेव्हा उठायची घाई करू नकोस, डबे पाच मिनिटं थांबतील. त्याला पांघरुणात घे.

चौथ्या दिवशी मला लिही.