उत्खनन नव्हे, विंधण

ध्रुवीय बर्फात गरम पाण्याने खोल भोक पाडतात, त्या क्रियेला ‘बर्फाचे उत्खनन’ म्हणावे का, आणि ‘हिम’ लिहावे की ‘बर्फ’, अशी पृच्छा आहे. ‘उत्खनन’ मुळीच म्हणू नये; विज्ञानविषयक लेखांत हा शब्द वाचून वाचून मी वैतागलो आहे. उत्खननात खणून काही वर काढावे लागते. येथे वर येते ते केवळ पाणी, आणि तेही पुन्हा तापवून खाली सोडण्यासाठी.

न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, टिपणाऱ्या दक्षिण ध्रुवावरील ‘आइसक्यूब’ या वेधशाळेसाठी २००४ ते २०१० या काळात अशी ८६ विवरे केली गेली. प्रत्येक विवर सुमारे अडीच किलोमीटर खोल आणि जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद आहे. जवळजवळ ८८ अंश सेल्सिअसचे पाणी दाबाखाली नळीच्या टोकाच्या तोटीतून सुटते. नळी ओळंब्यासारखी लटकत राहिली तरच विवर सरळ उतरते. बर्फ वितळण्याआधीच घाईने ती खाली सोडली, तर तोटी बर्फावर टेकते आणि विवर तिरपे जाते.

या क्रियेला नेमका शब्द ‘विंधण’. विंधायला टोकदार हत्यार हवे, पाण्याला टोक कुठले, असा आक्षेप घेऊन ‘छिद्रण’ सुचवणाऱ्या परिभाषापंडितांनी स्वतःच्या शब्दाचा धातू तपासलेला दिसत नाही. ‘छिद्र’ हा ‘छिद्’ म्हणजे कापणे यावरून आला आहे, आणि येथे तर काहीच कापले जात नाही! याउलट ‘विंधणे’ आले ‘व्यध्’ धातूपासून: संस्कृतात ‘विध्यति’, प्राकृतात ‘विंधइ’. त्याच धातूचा ‘व्याध’, त्याचाच ‘वेध’. वेध बाणाने घेता येतो तसा नजरेनेही घेता येतो. म्हणून तर आकाश न्याहाळण्याच्या जागेला आपण वेधशाळा म्हणतो. आता ‘आइसक्यूब’कडे पुन्हा पाहा. विंधलेल्या विवरांत ५,१६० प्रकाशसंवेदक उतरवले, पाणी गोठून त्यांच्याभोवती घट्ट आवळले गेले, आणि त्या गोठलेल्या काळोखातून न्यूट्रिनोंचा वेध घेतला जातो. विंधण आणि वेधशाळा या एकाच धातूच्या लेकी तिथे एकाच विवरात नांदतात, हे मला विलक्षण आनंदाचे वाटते.

राहिला ‘हिम’ आणि ‘बर्फ’ यांचा प्रश्न. पृष्ठभागालगतच्या सच्छिद्र थराला हिम म्हणावे. त्यात सोडलेले पाणी झिरपून जाते, म्हणून तेवढा भाग आतून तापवलेल्या धातूच्या शंकूने वितळवतात. त्याखालचा घट्ट तो बर्फ.