अण्णांच्या जिप्सीला डिझेल इंजिन : अडीच लाख घालावेत का?

पाटण तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे : "वय ४१. कराडजवळ कारखान्यात नोकरी, हातात ३८,००० येतात. सडावाघापूरच्या पठारावर थोडी शेती आहे, तिथे आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. अण्णांनी २००४ मध्ये घेतलेली मारुती जिप्सी आहे, पेट्रोल, एमएच ११ पासिंग. आरसीचं नूतनीकरण मार्च २०२९ पर्यंत आहे. आता इंजिन धूर टाकतंय, ॲव्हरेज ७ वर आलंय, घाटात दम लागतो. कोल्हापूरचा एक गॅरेजवाला स्विफ्टचं १.३ डिझेल इंजिन बसवून देतो म्हणतो, २ लाख ४० हजारात. ९०,००० मुलीच्या नावाने ठेवलेली एफडी मोडून आणि दीड लाख पतसंस्थेतून १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घ्यावेत असा विचार आहे. डिझेलवर १४ चं ॲव्हरेज पडेल, वर्षाला १०,००० किलोमीटर धरले तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. कासच्या हंगामात पर्यटकांच्या फेऱ्याही मारता येतील. करू का?"

नमस्कार.

करू नका. गाडीवरचा जीव मला समजतो. अण्णांनी घेतलेली गाडी भंगारात जाऊ नये असं तुम्हाला वाटतं, आणि ते तसंच वाटायला हवं. म्हणूनच हे काम नको म्हणतोय, कारण या इंजिनमुळे ती गाडी २०२९ नंतर तुमच्या दारात उभी राहील, पण रस्त्यावर काढता येणार नाही.

आधी तुमचा हिशोब घेऊ. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ रुपये लिटर तुम्ही धरलंय, मीही तेच धरतो. पेट्रोलवर ७ म्हणजे किलोमीटरला १५ रुपये, डिझेलवर १४ म्हणजे साडेसहा. किलोमीटरमागे साडेआठ रुपये वाचले, गुणिले दहा हजार, वर्षाचे ८५,०००. गुणाकार बरोबर आहे. पण ७ हे ॲव्हरेज थकलेल्या इंजिनाचं आहे, आणि १४ हे ठणठणीत इंजिनाचं, तेही गॅरेजवाल्याने सांगितलेलं. तुलना करायची तर दोन्ही इंजिनं चांगल्या अवस्थेत धरली पाहिजेत. काम केलेली जिप्सी तुमच्या रस्त्यांवर ९ देईल. हेच डिझेल इंजिन जिप्सीच्या चौकोनी अंगाला आणि फोर-व्हीलच्या ओझ्याला धरून स्विफ्टसारखं पळणार नाही, १३ मिळाले तरी समाधान माना.

दुसरं म्हणजे किलोमीटर. तुम्ही सर्व्हिसच्या ज्या पावत्या पाठवल्यात, त्यांवरचं रीडिंग बघितलं तर गाडी वर्षाला ६,००० च्या आसपास फिरते. उरलेले ४,००० पर्यटकांच्या फेऱ्यांचे धरलेले दिसतात, त्याकडे पुढे येतो.

आता ६,००० किलोमीटरवर परत मांडू. इंजिनाचं काम केलेली पेट्रोल जिप्सी किलोमीटरला ११ रुपये ६७ पैसे खाते, डिझेल ७ रुपये. वर्षाची बचत २८,०००, म्हणजे महिन्याला २,३०० रुपये. पतसंस्थेचा हप्ता मात्र ५,०५० च्या घरात येतो, तीन वर्षांत व्याज साधारण ३२,०००. म्हणजे डिझेल जेवढे वाचवेल त्याच्या दुपटीहून जास्त पैसे दर महिन्याला पगारातून जाणार. ३८,००० च्या घरात हे लगेच जाणवतं, वहिनींना तर पहिल्याच महिन्यात जाणवेल.

कोटेशनचा फोटो मी नीट बघितला. तीन ओळी आहेत : इंजिन ईसीयूसकट (म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) ९५,०००, प्लेट-माउंटिंग-फिटिंग १,१०,०००, वायरिंग ३५,०००. खाली ना जीएसटी नंबर, ना गॅरंटीचा एक शब्द. आणि जे लिहिलेलं नाही तेच महागाचं आहे. स्विफ्टचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. जिप्सीत ते उभं बसवायचं, म्हणजे स्विफ्टचा गिअरबॉक्स उपयोगाचा नाही. जिप्सीच्याच गिअरबॉक्सला जोडायला लेथवर जाड पाटा कातून घ्यावा लागतो. तो केसभर जरी तिरका बसला तर बेअरिंग ओरडायला लागतं आणि क्लच वर्षभरात जातो. मग क्लच वेगळा, रेडिएटर मोठा, इंटरकूलरला जागा, सायलेन्सरची लाइन नवी, डिझेलचं फिल्टर आणि परतीची लाइन, पुढच्या वजनासाठी स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एखादं पान जास्त. यातलं काहीच त्या तीन ओळींत नाही. मी सरळ ६०,००० वरचे धरतो, म्हणजे ३ लाख. व्याजासकट ३ लाख ३२ हजार.

तुमच्या बाजूनेही एक गोष्ट मांडली पाहिजे. सध्याच्या इंजिनाचं काम कधीतरी करावंच लागणार, त्याचे तुमच्या मिस्त्रीने ६५,००० सांगितलेत. ते वजा करू. उरले २ लाख ६७ हजार, भागिले २८,०००. साडेनऊ वर्षं. तुमची आरसी त्याच्या कितीतरी आधी संपते.

खरी अडचण आरसीचीच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेली आणि आरसीवर नोंदलेली मूळ माहिती बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंधन बदलण्याला कायद्यात वाट आहे, पण ती मान्यताप्राप्त किट आणि नोंदणी कार्यालयाची आगाऊ परवानगी यांतून जाते. सीएनजी किट त्या वाटेने बसतं. भंगार बाजारातून आणलेलं दुसऱ्या गाडीचं इंजिन पाटा कातून बसवणं त्या वाटेत येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला दंडाची तेवढी काळजी वाटत नाही. काळजी मार्च २०२९ ची वाटते. त्या दिवशी गाडी तपासणीला उभी राहील, इन्स्पेक्टर बॉनेट उघडून इंजिन नंबर बघेल, आरसीवर पेट्रोल आणि समोर डिझेल. नूतनीकरण तिथेच थांबलं. वीस वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये १०,००० झाली आहे, ती भरायची तुमची तयारी असेल, पण फी भरून ही विसंगती मिटत नाही.

गॅरेजवाला "आरटीओचं मी बघतो" म्हणाला असं तुम्ही लिहिलंय. त्याला एवढंच सांगा की परवानगीचं पत्र कराडच्या कार्यालयातून आधी आणून द्या, मग आगाऊ रक्कम देतो. आणि त्या इंजिनाची जुनी गाडी कुठली, तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद कुठे, हेही विचारा. अशी इंजिनं बऱ्याचदा अपघातातल्या गाड्यांची असतात, क्वचित चोरीच्याही. पोलिसांनी इंजिन नंबर तपासला तर उत्तर गाडीमालकाला द्यावं लागतं.

विम्याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी रक्कम तिथेच आहे. पॉलिसी पेट्रोल जिप्सीची. गाडीत डिझेल इंजिन आहे हे कंपनीला सांगितलं नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला तिला आयतं कारण मिळतं. समजा तो तोटा आपण सोसू. पण तारळ्याच्या उतारावर दुसऱ्या कुणाला गाडी लागली, तो माणूस कमावता असला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई लाखांत ठरते. पॉलिसीच्या अटी मोडल्याचं सिद्ध झालं तर विमा कंपनी आधी पैसे देऊन मागाहून मालकाकडून वसूल करू शकते. तुमच्याकडे वसूल करण्यासारखं काय आहे? पठारावरची जमीन आणि पगार. वर्षाला २८,००० वाचवायला हा धोका पत्करायला मी माझ्या कुठल्याच अशिलाला सांगणार नाही.

पर्यटकांच्या फेऱ्यांचं तर डोक्यातूनच काढा. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत पैसे घेऊन प्रवासी बसवणं म्हणजे परवान्याशिवाय धंदा, आणि अपघात झाला तर वर लिहिलं ते दुपटीने लागू. कासला हंगामात तपासणीही असते. ते ४,००० किलोमीटर हिशोबातून गेले की तुमची तीन वर्षांत वसुली तशीही राहत नाही.

आता गाडीच्या ओढीबद्दल, कारण तुमचं खरं दुखणं पैशापेक्षा ते आहे असं पत्र वाचून वाटलं. खताची पोती भरून तारळ्याहून वर चढताना पेट्रोल इंजिन रडतं, हे खोटं नाही. जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन सुमारे १०३ न्यूटन-मीटर ओढ देतं, तीही इंजिन जोरात फिरवल्यावर. हे डिझेल १९० देतं, २,००० आरपीएमलाच. चढावर त्याचा फरक पहिल्या वळणावर कळतो. पण मागचा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (चारही चाकांना ओढ वाटून देणारी पेटी), शाफ्टचे जॉइंट हे सगळं १०३ च्या हिशोबाने बनलेलं आहे. भरलेल्या गाडीत लो गिअरमध्ये एकदम क्लच सोडला की जे तुटेल त्याचे पार्ट शोधत फिरावं लागतं. शिवाय मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. पार्ट आज मिळतात, पण दरवर्षी जास्तीत जास्त जुन्या बाजारातूनच आणावे लागतील.

फोटोत मला आणखी एक दिसलं. गाडीला कंपनीच्या मापापेक्षा बरेच मोठे टायर आहेत. दिसायला छान दिसतात, पण मोठा टायर म्हणजे प्रत्येक गिअर लांब होतो, आणि तुमची निम्मी तक्रार तिथून येत असणार. वर मोठ्या टायरमुळे मीटर कमी किलोमीटर दाखवतो, म्हणजे ते ७ चं ॲव्हरेजही प्रत्यक्षात थोडं जास्त असेल. टायर झिजले की मूळ मापाचे घाला. आणि घाटातल्या त्या कच्च्या तुकड्यावर फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारा हळू गिअर, वापरता का? बरेच जण लिव्हर जड जातो म्हणून वर्षानुवर्षं हातच लावत नाहीत आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच जाळत बसतात.

मग करायचं काय? ६५,००० चं काम करून घ्या. पूर्ण काम : बोअर, पिस्टन, रिंगा, हेड, आणि इंजिन उतरलंच आहे तर क्लच प्लेटही, त्याचे वेगळे मोजा. आता यातला हिशोब बघा. ॲव्हरेज ७ वरून ९ वर आलं तर किलोमीटरमागे ३ रुपये ३३ पैसे वाचतात, ६,००० किलोमीटरला वर्षाचे २०,०००. सव्वातीन वर्षांत हा खर्च सुटतो, कागद जसेच्या तसे राहतात आणि गाडी आवाज न करता घाट चढते. डिझेलच्या बचतीतला मोठा वाटा तुम्हाला खरं तर पेट्रोल इंजिनाच्या दुरुस्तीतूनच मिळणार होता, तुमच्या हिशोबात तो डिझेलच्या नावावर जमा झाला होता.

पैसे उभे करायला एफडीला हात लावू नका. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे अकरावी-बारावीचे क्लास आणि त्यापुढचा प्रवेश तीनेक वर्षांत येतो. बरोबर त्याच काळात हा हप्ता चालू राहिला असता आणि एफडीही मोडलेली असती. दिवाळीच्या बोनसमधून २५,००० निघतात म्हणालात, उरलेले ४०,००० पतसंस्थेतून एका वर्षासाठी घ्या. हप्ता ३,६०० च्या आत बसतो. तो संपला की तेवढेच, निदान ३,००० तरी, आवर्ती ठेवीत टाकत जा.

२०२९ आलं की दोन रस्ते आहेत. गाडी तपासणीत पास झाली, तर फी आणि पर्यावरण कर भरून आणखी पाच वर्षं ठेवा. किंवा विका. गाडी विकत मागणाऱ्या चाफळच्या माणसाने आज सव्वातीन लाख सांगितलेत, ते मूळ इंजिनाच्या, सरळ कागदांच्या जिप्सीचे आहेत. ही गाडी आता कंपनी बनवत नाही, म्हणून चांगल्या ठेवलेल्या जिप्सीला मागणी टिकून आहे. दुसरं इंजिन बसवलं की नावावर करून घेणारा गिऱ्हाईक मिळणं अवघड, मग ती किंमतही गेली समजा. तुमच्या ३ लाखांच्या खर्चात हा तोटा मी अजून धरलेलाच नाही.

डिझेलच हवं असं मनाने घेतलंच असेल तर मूळचीच डिझेल फोर-व्हील घ्या. महिंद्राच्या जुन्या थार आणि फोर-व्हील बोलेरो साताऱ्या-सांगलीकडे विक्रीला येतात, मिस्त्री ओळखीचे आणि पार्ट कराडातच मिळतात. जिप्सीचे सव्वातीन लाख आणि आवर्ती ठेवीतले पैसे मिळून त्या वेळी काय बसतं ते बघू. फक्त तिची आरसी, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः गाडीखाली वाकून जुळवून घ्या.

आता लगेचचं काम : मिस्त्रीकडे गाडी लावण्याआधी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) तपासायला सांगा. एकाच सिलिंडरमध्ये कमी निघालं तर कदाचित हेड आणि व्हॉल्व्हच्या कामावर भागेल आणि ६५,००० मधले बरेच वाचतील. जुने पिस्टन आणि रिंगा परत मागून घ्या, पार्टचं बिल वेगळं आणि मजुरीचं वेगळं घ्या, आणि इंजिन ब्लॉकच बदलायची वेळ आली तर नंबरसाठी आधी कराडच्या कार्यालयात जाऊन या.