पटावरच्या युद्धखेळांचा लष्करातील वॉरगेमशी खरोखर काही संबंध असतो का?

आपण निपाणीचे असून एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची) तयारी करत आहात, आणि मित्रांबरोबर खेळत असलेल्या पटावरच्या युद्धखेळांचा लष्करातील वॉरगेमशी, म्हणजे लढाई नकाशावर खेळून पाहण्याच्या सरावाशी, काही संबंध आहे की घरचे म्हणतात तसा हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, असे आपण विचारले आहे. मी बेळगावात इतिहास शिकवतो आणि हे खेळ मनापासून खेळतो. लष्करात मात्र नव्हतो, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

संबंध रक्ताचा आहे, कारण दोन्हींचा पूर्वज एकच. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या तोफखान्यातील लेफ्टनंट फॉन राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये, म्हणजे आपल्या कित्तूरवर इंग्रज चालून आले त्याच वर्षी, वडिलांच्या खेळात मोठ्या सुधारणा करून ‘क्रीगस्पील’ (युद्धखेळ) याचे नियम प्रसिद्ध केले. त्यात १:८००० प्रमाणाचा भूनकाशा, लाल-निळे ठोकळे आणि हानी ठरवण्यासाठी फासे होते. एक खेळी दोन मिनिटांच्या काळाची असे. तेवढ्या वेळात पायदळ जितके चालेल तितकाच, म्हणजे त्या नकाशावर सुमारे २ सेंटिमीटर, ठोकळा पुढे सरकवायचा. बुद्धिबळातही चतुरंग सेना आहेच, परंतु तिथला हत्ती चिखलात रुतत नाही आणि समोरचा घोडा झाडीआड लपत नाही. राइसविट्झ यांनी जमीन, वेळ आणि दैव हे तिन्ही खेळात आणले, आणि त्यांच्यावर पंच बसवला. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देत, आणि प्रत्यक्ष रणांगणावर त्या सेनापतीला जेवढे दिसले असते तेवढेच पंच त्याच्यासमोर मांडत असे. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्यूफलिंग यांना हा प्रकार इतका पटला की त्यांनी संपूर्ण सैन्याला त्याची शिफारस केली.

हौशी खेळांची आजची परंपरा बरीच नंतरची आहे. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा खेळ विक्रीस आणला आणि १९५८ मध्ये ‘ॲव्हलॉन हिल’ ही कंपनी काढली. त्यांच्या खेळांतील षटकोनी घरे रँड या संरक्षणविषयक संशोधन संस्थेच्या पटावरून उचललेली होती. चौकोनी घरांत तिरकी चाल सरळ चालीपेक्षा सुमारे १.४ पट लांब पडते, तर षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. देवघेव उलट दिशेनेही झाली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, त्याच दिवशी पेंटागॉनने (अमेरिकेच्या संरक्षण खात्याने) खेळ तयार करणाऱ्या मार्क हर्मन यांना बोलावले आणि त्यांच्या ‘गल्फ स्ट्राइक’ या बाजारात मिळणाऱ्या खेळावर पुढच्या हालचाली पडताळण्यास सुरुवात केली.

फरक मात्र मोठा आहे, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच दडले आहे. विकत मिळणाऱ्या बहुतेक खेळांत सगळा पट दोघांनाही दिसतो आणि दोघांना जिंकण्याची साधारण सारखी संधी दिलेली असते. लष्कराला यांपैकी कशाचीच गरज नसते. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या तुकडीने जमिनीवर समुद्र आखून पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच शोधले, तेव्हा जहाजांच्या कप्तानांना पडद्यातील फटीतून जेवढे दिसेल तेवढ्यावरच निर्णय घ्यावा लागे. आपण दिवाळीत अंगणात किल्ला करतो, मावळे मांडतो, बुरुजावर तोफ ठेवतो. ती मांडणी कितीही देखणी झाली तरी तिच्यावर चाल करणारा कोणी नसतो. वॉरगेमला विरोध करणारे दुसरे डोके लागते.

शिवाय पंच प्रामाणिक लागतो. मिडवेच्या लढाईपूर्वी १९४२ मध्ये जपानी आरमाराने केलेल्या सरावात फाशांनी जपानी नौकांवर नऊ बॉम्ब लागल्याचे दाखवले, तेव्हा सरावाचे प्रमुख ॲडमिरल उगाकी यांनी ती संख्या तीनवर आणली आणि बुडालेली विमानवाहू नौका ‘कागा’ पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगू लागली, असे जपानी अधिकारी मित्सुओ फुचिदा यांनी नंतर लिहिले आहे. त्या जूनमध्ये ‘कागा’ खरोखरच बुडाली. माझ्या मते त्या सरावात उणीव खेळाची नव्हती; नको असलेला निकाल ऐकून घेण्याची तयारी नव्हती.

एनडीएच्या लेखी परीक्षेसाठी या खेळांचा काडीचाही उपयोग नाही, हे घरच्यांना मोकळेपणाने सांगून टाकावे. त्यानंतरच्या एसएसबी (सेवा निवड मंडळाच्या) मुलाखतीत मात्र गटाने मिळून योजना आखण्याची एक कसोटी असते. एका भूप्रदेशाची प्रतिकृती समोर ठेवून अनेक अडचणी एकदम सांगतात आणि वेळ व माणसे तुटपुंजी असताना आधी काय करावे हे विचारतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने इथल्या निवृत्त सुभेदारांच्या बोलण्यात ‘सँड मॉडेल’, म्हणजे भूप्रदेशाची वाळूत केलेली प्रतिकृती, सहज येते. ओळखीचे कोणी असल्यास त्यांच्याकडून ते समजून घ्यावे.

खेळायचेच असेल तर नवा खेळ विकत घेण्यापेक्षा खानापूर परिसराचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. एकाने पावसाळ्यात मलप्रभा नदीचा उतार (ती पायी ओलांडण्याची जागा) राखावा, दुसऱ्याने तो ओलांडावा, आणि दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून चिठ्ठ्या तिसऱ्याकडे पाठवाव्यात. चिठ्ठी पोहोचायला स्वाराला जेवढा वेळ लागला असता तेवढ्या खेळ्या पंचाने ती दाबून ठेवावी. पंचाचे काम शक्यतो अशा मित्राला द्यावे, ज्याला आपल्या दोघांपैकी कोणाचीही भीड पडत नाही.