हायड्रोजनची वाट मोजताना : वाचकांचे प्रश्न

प्रोटॉन-विनिमय पटलाच्या इंधनघटांविषयी (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या, दोन इलेक्ट्रोडांमध्ये प्रोटॉन जाऊ देणारे पातळ पटल असलेल्या घटांविषयी) आलेल्या पत्रांत एकच गोंधळ वारंवार दिसतो : इलेक्ट्रोडच्या छिद्रांतून हायड्रोजन किती सहज सरकतो आणि पटलातून किती गळतो, या दोन वेगळ्या मापनांची सरमिसळ.

प्रश्न : हायड्रोजन इतका चपळ असताना ॲनोडमधील (हायड्रोजन येतो त्या बाजूच्या इलेक्ट्रोडमधील) त्याचे विसरण, म्हणजे आपोआप पसरत जाणे, मोजायचेच कशाला?

छिद्रांत पाणी साचले की ती चपळता उरत नाही, आणि हायड्रोजन अपुरा पडलेल्या घटात इलेक्ट्रोडमधील कार्बनच झिजू लागतो.

प्रश्न : विक्रेत्याच्या माहितीपत्रकात कार्बन कागदाची (इलेक्ट्रोडमधील सच्छिद्र थराची) हवा-पार्यता, म्हणजे दाबाखाली हवा किती आरपार जाते ते, दिले आहे. त्यावरून विसरणांक (विसरण किती सहज होते त्याचा आकडा) काढावा का?

नाही. दाबाने ढकललेल्या हवेचा आकडा विसरणाविषयी काही सांगत नाही, आणि तो ठळक छापणाऱ्यांना हे ठाऊक असते. घटात कागद जेवढा दाबला जाणार, तेवढा दाबून केलेले विसरण-मापन विक्रेत्याकडे लेखी मागा.

प्रश्न : शुद्ध हायड्रोजन देऊनही लिमिटिंग करंट (वायू आणखी वेगाने पोहोचू न शकल्याने धारा जिथे अडते ती मर्यादा) आला नाही, म्हणून विसरणांकासाठी सच्छिद्रतेच्या १.५ घाताचे सूत्र वापरले. चालेल का?

चालणार नाही. ते सूत्र गोल कणांच्या थरासाठी मांडलेले आहे; कार्बन कागदातील तंतू आडवे पसरलेले असतात, त्यामुळे जाडीच्या दिशेने वायूला अधिक वळसे घ्यावे लागतात आणि खरा विसरणांक सूत्रापेक्षा कमी भरतो. तरीही ‘सगळेच वापरतात’ एवढ्या आधारावर ते प्रबंधामागून प्रबंधात उतरवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. शुद्ध हायड्रोजनमध्ये लिमिटिंग करंटची मर्यादा इतकी उंच असते की तिथे पोहोचण्याआधीच पटलाचा विद्युतरोध आडवा येतो. म्हणून नायट्रोजनमध्ये सुमारे १ टक्का हायड्रोजन मिसळा, वायूचा प्रवाह भरपूर ठेवा, आर्द्रता स्थिर ठेवा आणि हेच मापन तीन-चार वेगवेगळ्या एकूण दाबांवर करा. वायूच्या वाटेतला, दाबाबरोबर वाढणारा रोध मोठ्या छिद्रांतील रेणूंच्या परस्पर टकरींचा असतो. दाब बदलूनही न बदलणारा भाग उत्प्रेरक थरातील सूक्ष्म छिद्रांचा आणि आयनोमरच्या (प्रोटॉन वाहून नेणाऱ्या बहुवारिकाच्या) पापुद्र्याचा असतो. हे दोन भाग वेगळे झाल्याशिवाय इलेक्ट्रोडमध्ये नेमके काय सुधारायचे ते कळत नाही. आकडे लिहून काढण्यापूर्वी मार्गदर्शकांना मूळ आलेख दाखवा.

प्रश्न : कॅथोडला (पटलापलीकडच्या इलेक्ट्रोडला) नायट्रोजन देऊन ०.४ व्होल्टला घेतलेले धारेचे वाचन दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिअँपिअर आले, आणि ते रोज वाढते आहे. ही सगळी पटलातून होणारी हायड्रोजनची गळतीच का?

एका वाचनावरून ठरवता येत नाही. व्होल्टता सावकाश वाढवत नेल्यावर धारेची रेषा चढती आली, तर तो चढ इलेक्ट्रॉनांच्या शॉर्टचा (पटलातून थेट वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा) असतो. आलेखातील त्या रेषेचा सरळ भाग शून्य व्होल्टपर्यंत मागे वाढवल्यावर उरणारी धारा गळलेल्या हायड्रोजनची. हा उरलेला भागच वाढत असेल, तर पटल विरत चालले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी ‘हा आठवडा काढू’ म्हणू नका : हवेत ४ टक्के हायड्रोजन पेट घेण्यास पुरतो. घट आजच बंद करा आणि प्रयोगशाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय पुन्हा जोडू नका.