अमेरिकेच्या दक्षिणेत एकोणिसाव्या शतकातल्या गावाकडच्या घराण्याची थडगी पाहून त्या घराचा इतिहास कळतो का?

कळतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा कुठे शोधायचा, हे मला एका टेकडीवर उमगलं, म्हणून त्या एकाच घराबद्दल लिहितो.

मी काही वर्षं टेनेसीत, नॉक्सव्हिलला राहत होतो. तिथून गाडीने सव्वा तासावर ग्रीनव्हिल नावाचं लहानसं गाव आहे. अमेरिकेचे सतरावे राष्ट्राध्यक्ष (१८६५ ते १८६९) अँड्रू जॉन्सन या गावचे शिंपी. माझे आजोबाही शिंपीकाम करायचे, त्यामुळे मी आधी जॉन्सनचं दुकान बघायला गेलो. दुकान म्हणजे लाकडी खोपटंच. १९२१ साली राज्य सरकारने ते विकत घेतलं आणि पुढे त्याच्याभोवती विटांची इमारत बांधली. म्हणजे आता घराच्या पोटात घर आहे.

जॉन्सनचा जन्म १८०८ सालचा, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलेचा. बाप लहानपणीच गेला. पोराला शिंप्याकडे कामाला बांधून दिलं, तिथून १८२४ साली तो पळाला आणि मालकाने त्याला पकडून आणणाऱ्यास दहा डॉलर बक्षीस लावलं. (ही जाहिरात लक्षात ठेवा.) १८२६ मध्ये आईला घेऊन तो ग्रीनव्हिलला आला आणि पुढच्याच वर्षी एलायझा मॅकार्डल या चांभाराच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. तो अठरा वर्षांचा, ती सोळा. लिहायला आणि हिशेब करायला तिने शिकवलं. पाच मुलं झाली: मार्था, चार्ल्स, मेरी, रॉबर्ट आणि बऱ्याच वर्षांनी, १८५२ साली, धाकटा फ्रँक.

आता टेकडीबद्दल. गावाजवळची ही टेकडी जॉन्सनच्याच मालकीची आणि त्याची आवडती. ३१ जुलै १८७५ रोजी मेरीच्या शेतावर, अर्धांगाच्या झटक्यानंतर तो वारला. देशाच्या झेंड्यात गुंडाळून, डोक्याखाली राज्यघटनेची प्रत ठेवून त्याला पुरलं. ही दंतकथा वाटते, पण खरी आहे आणि त्याचीच इच्छा होती. सहाच महिन्यांत, जानेवारी १८७६ मध्ये, एलायझा गेली. १८७८ साली वर उंच स्मारक उभं राहिलं, टोकाला पंख पसरलेला गरुड. लोकांवरची त्याची श्रद्धा कधी ढळली नाही, अशा अर्थाचं वाक्य त्यावर कोरलंय.

पाचही मुलं याच टेकडीवर आहेत. दगडावर नुसती नावं आणि तारखा असतात, पण तारखा वजा करून बघा. चार्ल्स १८६३ साली घोड्यावरून पडून गेला, तेव्हा तेहतिशीचा. रॉबर्ट एप्रिल १८६९ मध्ये गेला. कुटुंब वॉशिंग्टनहून घरी परतून जेमतेम महिना-दीड महिना झाला होता. दारूने पोखरलेला होता, शेवटी अफूच्या अर्काने गेला. फ्रँकला क्षयाने सव्विसाव्या वर्षी नेलं. म्हणजे तीन मुलगे आणि तिघांपैकी चाळिशी एकानेही पाहिली नाही. मुली त्यामानाने जगल्या. मार्था १९०१ पर्यंत. १९०६ साली ही जागा राष्ट्रीय दफनभूमी झाली आणि नंतरच्या युद्धांतले सैनिकही इथे आले, त्यामुळे आज पांढऱ्या दगडांच्या रांगांत हे एक कुटुंब मधोमध बसल्यासारखं दिसतं.

हा झाला दगडांवरचा अर्धा. त्याच घरात राहणारी आणखी माणसं होती. १८४२ च्या नोव्हेंबरात जॉन्सनने सॅम नावाच्या गुलामाला ५४१ डॉलरला विकत घेतलं आणि १८४३ च्या जानेवारीत सॅमची सावत्र बहीण डॉली हिला ५०० डॉलरला. पळालेल्या पोरासाठी कधीकाळी दहा डॉलरची जाहिरात निघाली होती, तेच पोर आता खरेदीखतावर सही करत होतं. डॉलीला त्याच घरात तीन मुलं झाली: लिझ, फ्लॉरेन्स, विल्यम. विल्यमच्या मृत्यूच्या दाखल्यावर बापाचं नाव रॉबर्ट जॉन्सन असं आहे. टेकडीवरच्या रॉबर्टच्या दगडाशी मी दुसऱ्यांदा उभा राहिलो तो हे वाचल्यावर, आणि तेव्हा तो दगड मला वेगळाच दिसला.

गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं देशातून फुटली, त्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) घराचे हाल झाले. फुटून निघालेल्या राज्यांतल्या सेनेटरांपैकी एकट्या जॉन्सननेच आपली जागा सोडली नाही, म्हणून आजारी एलायझाला गावाबाहेर काढलं गेलं आणि घरात सैनिक राहून गेले. भिंतींवर त्यांनी मालकाला उद्देशून खरडलेल्या शिव्या अजून दाखवतात. ८ ऑगस्ट १८६३ रोजी जॉन्सनने आपल्या गुलामांना मुक्त केलं. मात्र पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर काळ्यांना नागरिकत्व देणाऱ्या १८६६ च्या नागरी हक्क कायद्यावर नकाराधिकार वापरणारा माणूसही हाच. त्याच्या भलेपणाची कथा सांगताना लोक पहिलं सांगतात, दुसरं गिळतात.

सॅमने मात्र पुढे स्वतःचा मार्ग काढला. काळ्या मुलांच्या शाळेसाठी जागा द्यावी असं पत्र त्याने १८६७ साली थेट राष्ट्राध्यक्षांना, म्हणजे आपल्या जुन्या मालकाला लिहिलं. जागा मिळाली. १८७१ साली त्याने ग्रीनव्हिलमध्ये ८ ऑगस्टचा मुक्तिदिन साजरा केला. टेनेसीत तो अजून पाळतात. विल्यम नॉक्सव्हिलला आचारी झाला. म्हातारपणी, १९३७ साली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी त्याला बोलावून चांदीच्या मुठीची काठी भेट दिली. १९४३ साली तो गेला, तो नॉक्सव्हिलमध्येच. मी रोज कामाला जायचो त्याच शहरात.

तेव्हा तुम्ही एखाद्या घराचा माग काढत असाल तर स्मशानातून निघून कचेरीत जा. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या गणनेत मालकाचं नाव असतं, त्याखाली माणसांचं फक्त वय, लिंग आणि रंग, नावं नाहीत. नावं सापडतात ती खरेदीखतांत, मृत्युपत्रांत, आणि मग १८७० च्या जनगणनेत, जिथे मुक्त झालेली माणसं पहिल्यांदा आडनावासकट येतात. तिथे मालकाचंच आडनाव आधी शोधा. सॅम आणि विल्यमचंही जॉन्सनच होतं.