नकाशा भिंतीवर टांगण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. रचना सहायक म्हणून रुजू होऊन तुला दोन महिनेही झाले नाहीत, तोच नगरपरिषदेच्या विकास योजनेच्या, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्याच्या, सुधारणेचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून कौतुक वाटले आणि थोडी काळजीही. प्रभागनिहाय बैठका घ्यायच्या आहेत, तर लोकांना या कामात कसे सामील करून घ्यावे, असे तू विचारले आहेस. मी या नगररचना खात्यात 34 वर्षे काढली आणि त्यातली निदान 20 वर्षे हे काम चुकीच्या टोकाकडून केले. त्यामुळे माझ्या उत्तरात उपदेशापेक्षा कबुलीच अधिक सापडेल.

आधी कायद्याचा क्रम पुन्हा डोळ्यांखालून घाल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 हा कायदा लोकांना प्रामुख्याने दोनदा विचारतो. कलम 23 खाली योजना तयार करण्याचा इरादा जाहीर होतो, तेव्हा पहिल्यांदा. आणि कलम 26 खाली प्रारूप योजना प्रसिद्ध होते, तेव्हा दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी दाखवायला हद्दीच्या रेषेखेरीज काहीच नसते, म्हणून कोणी फिरकत नाही. दुसऱ्या वेळी रस्ते, आरक्षणे (म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागा), विभाग सगळे आखून झालेले असते, म्हणून जो येतो तो स्वतःच्या सर्व्हे नंबरावर काय पडले आहे एवढेच पाहायला येतो. त्याला दोष देऊ नकोस. घरावरून 18 मीटरचा रस्ता जाताना पाहून शहराच्या 20 वर्षांनंतरच्या गरजांचा विचार कोणीही करणार नाही. हरकत ही बचावाची भाषा आहे, आणि आपण मात्र तिलाच लोकसहभाग समजून अहवालात हरकतींची संख्या अभिमानाने लिहितो.

या दोन टप्प्यांच्या मध्ये कलम 25 येते. त्याखाली सर्वेक्षण करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करायचा असतो. इथे लोकांना बोलवा असे कायदा म्हणत नाही, पण बोलवू नका असेही म्हणत नाही. माझे सांगणे एवढेच आहे की तुझी खरी मेहनत या मोकळ्या जागेत पडू दे. आज जमिनीवर काय चालले आहे, हे लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळते, आणि त्याविषयी बोलताना त्यांना कोणापासून काही वाचवायचे नसते. उद्या काय हवे या प्रश्नाला माणसे गोंधळतात किंवा नगरसेवकाने सांगितलेले बोलतात. आज इथे काय होते या प्रश्नाला मात्र शाळकरी पोरसुद्धा अचूक उत्तर देते.

माझ्या उमेदीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. ट्रेसिंगवर नकाशे काढून अमोनिया प्रिंट घेण्याचे ते दिवस. सर्वेक्षकाने ओढ्याकाठच्या एका जागेवर ‘रिकामी जागा’ असे लिहून आणले, आणि मी तिथे क्रीडांगणाचे आरक्षण टाकले. काम कागदोपत्री निर्दोष होते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नकाशासमोर उभी राहून एका भाजीवाल्या आजींनी मला विचारले, “सायेब, आमचा गुरुवारचा बाजार ह्यात कुठं हाय?” सर्वेक्षक तिथे मंगळवारी गेला होता. आठवड्यातले सहा दिवस मोकळी असलेली ती जागा सातव्या दिवशी आसपासच्या खेड्यांचे पोट भरत होती, आणि तिची नोंद ना नगरपरिषदेच्या मिळकतींच्या यादीत होती, ना आमच्या नकाशात. सुनावणीत आम्ही ती चूक दुरुस्त केली खरी. पण क्रीडांगण मग कुठे न्यायचे, याचे उत्तर त्या टप्प्यावर कोणाकडेच नव्हते आणि ते आरक्षण शेवटी गावाबाहेर गेले. तिथे आजही कोणी खेळत नाही.

म्हणून बैठक घेण्याआधी फेरी काढ. खेड्यात शिवारफेरी काढतात, तशीच ही वस्तीफेरी. प्रत्येक प्रभागात निदान दोनदा जा, एकदा बाजाराच्या दिवशी आणि एकदा एरवी. शक्य झाल्यास एक फेरी पावसात काढ, म्हणजे पाणी कुठे तुंबते हे वेगळे विचारावे लागणार नाही. सोबत नकाशाची मोठी प्रत ने, पण ती उलगडण्याची घाई करू नकोस. आपल्याला नकाशा वाचता येतो, त्यामुळे तो कोणालाही वाचता येतो असे आपण धरून चालतो. सामान्य माणूस उत्तर दिशेने विचार करत नाही. तो मारुतीच्या देवळापासून, पिठाच्या गिरणीपासून, एसटी थांब्यापासून विचार करतो. आधी त्या खुणा त्याच्याच हाताने नकाशावर लावून घे. मग तोच तुला सांगेल की शाळेत जाणाऱ्या मुली मुख्य रस्ता सोडून कोणत्या बोळातून जातात आणि का जातात.

बैठकीच्या वेळेविषयी फार लिहीत नाही, तुला ते समजते. नळाला पाणी येण्याच्या वेळी बैठक ठेवलीस तर बायका येणार नाहीत, आणि सकाळी 11 वाजता ठेवलीस तर निवृत्त पुरुषांखेरीज कोणी येणार नाही. एवढे मात्र जरूर पाहा की मालमत्ता कराच्या यादीवरून निमंत्रणे निघत नाहीत ना. भाडेकरू, पथारीवाले, गावठाणाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहणारे कामगार यांची नावे त्या यादीत नसतात, आणि योजनेचा पहिला धक्का नेमका त्यांनाच बसतो. महाराष्ट्रात 2009 साली कायद्यात दुरुस्ती होऊन क्षेत्रसभेची तरतूद आली. मतदान केंद्राच्या पातळीवर मतदारांनी एकत्र बसून कामे सुचवावीत, अशी ती कल्पना होती. माझ्या नोकरीत अशी सभा रीतसर भरलेली मी एकदाही पाहिली नाही. तुझ्या बैठकांना कोणी कायदेशीर आधार विचारला, तर त्या तरतुदीकडे बोट दाखवायला हरकत नाही.

आता जे खरोखर अवघड आहे त्याकडे वळतो. लोकांना बोलते करणे फारसे कठीण नाही. त्यांच्या बोलण्याचे पुढे काय झाले, हे त्यांना परत जाऊन सांगणे कठीण आहे. गोव्याचे उदाहरण तू अभ्यासावेस असे मला वाटते. तिथे 2006 साली प्रादेशिक आराखडा 2011 अधिसूचित झाला. त्याने डोंगर, शेते आणि किनारे बांधकामाला खुले होणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले, आणि 2007 च्या आरंभीच सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढचा आराखडा 2021 साठी करताना ख्यातनाम वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासह तज्ज्ञांचा कृतिगट नेमला गेला, आणि आपल्याकडे क्वचित घडते ते तिथे घडले: गावागावाचे जमीन वापराचे नकाशे पंचायतींकडे पाठवून ग्रामसभांचे म्हणणे मागवले गेले. लोकांनी ते काम मनावर घेतले. शेते, झरे, खाजन जमिनी (खाडीकाठी बांध घालून केलेली शेते), देवराया यांच्या नोंदी दुरुस्त करून पाठवल्या. पण अंतिम आराखडा हाती आला तेव्हा अनेक गावांना आपले म्हणणे त्यात सापडले नाही, आणि ते का वगळले याचे कारणही सापडले नाही. 2012 मध्ये नव्या सरकारने तो आराखडा स्थगित ठेवला. ज्या प्रक्रियेत लोकांचा एवढा जीव गुंतला होता, तिच्यावरचा रोष आधीच्या बंद दाराआडच्या आराखड्यापेक्षा फारसा कमी नव्हता. न विचारल्याचा राग माणूस विसरतो; विचारून न ऐकल्याचा विसरत नाही.

मुंबईचा धडा वेगळा आहे. 2034 पर्यंतच्या विकास योजनेचे पहिले प्रारूप 2015 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले. जुन्या वास्तू, रस्ते, मैदाने यांच्या नोंदींत इतक्या चुका निघाल्या की दोन-तीन महिन्यांतच ते नव्याने सुधारण्याचा आदेश निघाला आणि सुधारित प्रारूप यायला मे 2016 उजाडले. या योजनेसाठी प्रारूपाआधी विभागवार कार्यशाळा झाल्या होत्या, विद्यमान वापराच्या नकाशांतील चुकाही नागरिकांनी आधीच दाखवून दिल्या होत्या. आलेली दुरुस्ती मूळ नकाशावर चढली की नाही, हे तपासणारा माणूस जर नेमलेला नसेल, तर कार्यशाळेचा फलक आणि छायाचित्रे तेवढी मागे उरतात.

तेव्हा पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेव. संगणकावर ठेवलीस तरी चालेल, पण तिची छापील प्रत प्रत्येक प्रभागात लोकांना पाहता आली पाहिजे. तिच्यात चारच रकाने असू देत: कोणत्या वस्तीतून काय सांगितले गेले, ते नकाशावर कुठे बसते, त्यावर काय ठरले, आणि ठरले नसल्यास कारण काय. चौथा रकाना भरताना तुझे वरिष्ठ कुरकुर करतील. लेखी कारण दिले की वाद वाढतो, असा आपल्या खात्याचा जुना समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. “ही जागा पूररेषेत येते, म्हणून इथे दवाखाना देता येणार नाही,” हे वाक्य लोक ऐकून घेतात, नाराज होऊन का होईना. “विचाराधीन आहे” हे वाक्य कोणी ऐकून घेत नाही.

त्याच जोडीने, जे आपल्या हातात नाही ते बैठकीच्या आरंभीच सांगून टाक. प्रारूपावरील हरकती नियोजन समिती ऐकते, अंतिम मंजुरी शासन देते, आणि मंजूर आरक्षणही कायमचे नसते, हे लोकांना ठाऊक नसते. आरक्षित जागा 10 वर्षांत संपादित झाली नाही तर मालक कलम 127 खाली सूचना देऊ शकतो, आणि पुढील मुदतीत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नकाशावर हिरवा रंग दिसला म्हणून बाग मिळालीच, असे समजून घरी गेलेली माणसे 15 वर्षांनी तिथे इमारत पाहतात आणि आपल्याला लबाड म्हणतात. म्हणून प्रत्येक प्रभागाला विचार: यांतली कोणती दोन आरक्षणे नगरपरिषदेने आधी ताब्यात घ्यावीत? पैसा मोजका आहे हे एकदा उघडपणे सांगितले की लोक आश्चर्य वाटावे इतक्या समंजसपणे निवड करतात. पुण्यात 2006-07 च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून छोटी कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. पदपथ, दिवे, बसथांबे अशीच ती कामे बहुधा असतात. तिची मर्यादा उघड आहे, तरीही अर्ज भरणाऱ्याला निदान रकमेची सवय होते, आणि रकमेची सवय झालेला नागरिक नियोजनाच्या बैठकीत फार उपयोगी पडतो.

एकाच छापील मजकुराच्या पाचशे हरकती आल्या तर वैतागू नकोस, आणि त्या कोणी लिहवून घेतल्या याचा तपासही करत बसू नकोस. पाचशे माणसांनी सह्या केल्या आहेत. त्यांतल्या पन्नासांना तरी काही सांगायचे असेल. सुनावणीच्या नोटिसा वेळेवर जातील आणि वस्तीच्या जवळ सुनावणी होईल, एवढे पाहिलेस तरी ते पन्नास येतील.

तुझ्या पत्रात शेवटी तू लिहिले आहेस की पहिली बैठक प्रभाग 4 मध्ये ठेवली आहे आणि त्यासाठी सभागृहाच्या भिंतीवर लावायला मोठा रंगीत नकाशा छापायला दिला आहे. तो छापून आला तरी त्या दिवशी गुंडाळूनच ठेव. आधी गावाचा बाजार कोणत्या दिवशी भरतो ते विचारून घे, आणि त्या दिवशी सकाळी तिथे जाऊन ये. काय दिसले ते मला कळव.

कळावे.